सड्यावरचा मासा

दर रविवारी सकाळी साडेनऊला आत्याचा फोन येतो. "हं, ऐक," म्हणते आणि आठवड्याच्या बातम्या सुरू. राजकारण नाही, क्रिकेट नाही. कुठे वीरगळ सापडला, कुठल्या बारवेतला गाळ गावकऱ्यांनी काढला, कुठे प्राकृत शिकायला मुलं मिळेनात. कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवून ती निवृत्त झाली, पण शिकवणं काही सुटलं नाही. आता वर्गात मी एकटीच.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा ती रविवारपर्यंत थांबलीच नाही. रात्री मी रिलीजमध्ये अडकलेली आणि ही फोनवर नाणेघाटाच्या ब्राह्मी लेखावर. नागनिका राणी, यज्ञ, दान दिलेल्या गायी. मी "हं हं" करत होते. मग म्हणाली, "त्यात आकडे आहेत, पण शून्य नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी." मी लॅपटॉप बंद केला. माझं सगळं पोट शून्य आणि एकावर चालतं, आणि शून्याशिवाय कुणीतरी हजारोंचा हिशेब दगडावर लिहून ठेवला होता.

या मार्चमधल्या एका रविवारी विषय होता कोकणातली कातळशिल्पं. मला जुजबी माहिती होती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्यांनी रत्नागिरीचे सडे पायी पालथे घातले, २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली वगैरे. आत्या कशेळीच्या हत्तीबद्दल सांगत होती. सुमारे १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद, आणि त्याच्या पोटात कितीतरी इतर प्राणी कोरलेले. कोकणात आता औषधालाही नसलेला गेंडासुद्धा काही सड्यांवर आहे. "वय कसं काढणार? कार्बन डेटिंगला काहीतरी सेंद्रिय लागतं. कातळावरच्या चरीत काय सापडणार?"

मी गप्प झाले. आमच्या राजापूरकडच्या सड्यावर एक मासा होता.

मे महिन्याच्या सुट्टीत दादा आणि मी गुरांमागे तिथे जायचो. कातळात बोटभर खोल चर, त्याला शेपटी, पर. वळवाचा पाऊस झाला की चरीत पाणी साचायचं आणि आम्ही त्यात पानांच्या होड्या सोडायचो. तो कुणी कोरला असेल, हे कधी मनातच आलं नाही. विहीर असते, वड असतो, तसा मासा होता.

आणि तोच सडा आम्ही चिरेखाणीला द्यायला निघालो होतो. मशीन कातळ चौकोनी कापत जातं आणि काही महिन्यांत तिथे पुरुषभर खोल खड्डा उरतो. सातबाऱ्यावर दादा, आत्या आणि बाबांच्या जागी मी. माझ्या हिश्शातून पुण्यातल्या फ्लॅटचं डाऊन पेमेंट होणार होतं. टोकन भरून झालं होतं. आत्याने संमतीपत्रावर सहीसुद्धा केली होती.

"आत्या, आपल्या सड्यावरचा मासा तुला माहितीये ना?"

"कुठला मासा?"

ती सातव्या वर्षी शिक्षणासाठी मामाकडे मुंबईला गेली. त्याआधीही पोरीबाळींना सड्यावर कुणी पाठवत नसे. महाराष्ट्रभरची लेणी, ताम्रपट तिला पाठ, पण घरामागची ही बातमी तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग विचारलं, "शेपटी कुठल्या दिशेला आहे?"

मला आठवेना.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघी गेलो. दादाने वाळलेलं गवत बाजूला केलं, मी बाटलीतलं पाणी ओतलं. पाणी चरीतून पळत गेलं आणि मासा उमटला. शेपटी समुद्राकडे. आत्या चपला काढून शेजारी बसली, हात मात्र लावला नाही.

दादा उभाच होता. म्हणाला, "तुम्हाला फोटो मिळाला. माझ्या पोरीची नर्सिंगची फी जूनमध्ये भरायचीये." त्यात खोटं काहीच नव्हतं. मासा सोडून बाकीचा सडा घ्या म्हटलं, तर खाणवाल्याला तुकडा नको होता. आणि वर्षभर तिथे राहून गुरं, आंबे, वणवे सांभाळतो दादा. मी येते ती सुट्टीत.

परतताना गाडीत आत्या म्हणाली, "आयुष्यभर मुलांना सांगत आले, वारसा जपा. कुणाच्या खर्चाने, ते कधी सांगितलं नाही."

सध्या ठरलंय ते एवढंच. आत्याने सही मागे घेतली. पुरातत्त्व खात्याला फोटो आणि मापं पाठवली. पोरीची पहिल्या वर्षाची फी आम्ही दोघी भरणार. दिवाळीपर्यंत सड्याचा विषय बंद. फ्लॅट गेला, टोकनही बुडालं. दिवाळीनंतर काय, ते तिघांनाही माहीत नाही. दादा अजून माझ्याशी मोजकंच बोलतो.

काल मात्र त्याचा व्हिडिओ आला. पहिला वळीव, भरलेली चर, आणि त्यात फणसाचं एक पान तरंगतंय. खाली काही लिहिलं नव्हतं.

आज रविवार. सव्वानऊ वाजलेत. आज फोन मीच लावणार आहे.