जुने ऑक्सिजन यंत्र घेताना

2021 च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत अनेक कुटुंबांनी धावपळ करून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विकत घेतले. गरज सरली आणि यंत्रे माळ्यावर गेली. आता ती स्वस्तात विकली जातात. हरसूलसारख्या, त्र्यंबकेश्वर तालुक्यातील गुजरात सीमेलगतच्या गावात ही मोठी सोय वाटते. विडीला कधी शिवल्या नाहीत, पण उभा जन्म चुलीच्या धुरात गेल्याने ज्यांची फुप्फुसे निकामी होत गेली, अशा कितीतरी वृद्ध स्त्रिया माझ्या दवाखान्यात येतात. त्यांची मुले विचारतात, “डॉक्टर, जुने यंत्र मिळते आहे, घेऊ का?” मी नको म्हणत नाही, तपासून घ्या म्हणतो. मात्र काय तपासायचे, हे आधी समजून घ्यायला हवे.

हे यंत्र ऑक्सिजन तयार करीत नाही. हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन आणि 21 टक्के ऑक्सिजन असतो. यंत्रातील झिओलाइट नावाचे खनिज दाबाखाली नायट्रोजन शोषून धरते आणि 90 ते 96 टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे येतो. झिओलाइटचा शत्रू म्हणजे ओलावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात वर्षानुवर्षे बंद पडून राहिलेल्या यंत्रात ते दमट होऊन त्याची शक्ती क्षीण होऊ शकते. म्हणूनच तासांच्या मीटरवरचा आकडा लहान आहे, एवढ्यावर यंत्र चांगले समजू नये. ते कोठे व कसे ठेवले होते, हेही विचारावे.

येथेच बहुतेकांची फसगत होते. यंत्रावरील नळीतली गोटी पाचाच्या रेघेवर तरंगताना दिसली की लोक निश्चिंत होतात. परंतु ती गोटी दर मिनिटाला किती लिटर वायू वाहतो, एवढेच सांगते. त्यात ऑक्सिजन किती, हे सांगत नाही. एका आजींचे यंत्र असेच सुरळीत गुरगुरत होते, गोटी जागेवर होती, तरी त्यांचे ओठ निळसर पडत होते. शुद्धता मोजली तेव्हा ती निम्म्याच्या आसपास भरली. दुसरे यंत्र लावल्यावर त्यांना आराम पडला. विकणाऱ्यालाही हे ठाऊक नसावे, कारण त्याच्याकडे यंत्र चालूच होते.

थंड पाण्यात उतरणारा पाणबुड्या जुने रेग्युलेटर किनाऱ्यावर नीट चालते म्हणून विकत घेत नाही. गार पाण्यात, खोलवर, जोराने श्वास घेताना ते गोठून हवा सोडत सुटणार नाही ना, हे त्याला जाणून घ्यायचे असते. आपणही हाच न्याय लावावा.

यंत्र निदान पंधरा मिनिटे चालू द्यावे. मग ऑक्सिजन मापकाने शुद्धता आधी कमी प्रवाहावर आणि नंतर पूर्ण प्रवाहावर मोजावी. दमलेले यंत्र एक लिटरवर उत्तम आकडा दाखवते आणि पाच लिटरवर उघडे पडते. पूर्ण प्रवाहावर शुद्धता 82 टक्क्यांखाली गेली, तर ते घेऊ नये. हा छोटा मापक वैद्यकीय यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांकडे असतो; हरसूलला न मिळाल्यास नाशिकहून तंत्रज्ञ बोलवावा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर येथे उपयोगाचा नाही. निरोगी माणसाच्या बोटावर तो यंत्राविनाही 98 दाखवतो.

यंत्र चालू असताना प्लग काढून पाहावा. धोक्याची घंटा वाजली पाहिजे. गाळणी काळवंडलेली असेल तर बदलून घ्यावी. नाकातील नळी आणि पाण्याची बाटली कधीही दुसऱ्याची वापरू नये. बाटलीत डिस्टिल्ड वॉटर घालावे. आपल्या भागात वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टर हा भार पेलेल का, हे विचारून घ्यावे आणि सोबत भरलेला लहान सिलिंडर ठेवावा. चूल, दिवा, विडी यांपासून यंत्र निदान तीन मीटर दूर असावे. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही. पण पेटलेल्याला भडकवतो.

आणखी एक विनंती. ऑक्सिजन हे औषध आहे. जुनाट दमकोंडीच्या अनेक रुग्णांत आम्ही पातळी 88 ते 92 टक्क्यांच्या दरम्यान राखतो. काळजीपोटी प्रवाह वाढवला, तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साचून रुग्ण गुंगीत जाऊ शकतो. तेव्हा किती लिटर आणि किती तास, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे, तो कागद यंत्रावरच चिकटवावा आणि दर तीन महिन्यांनी शुद्धता पुन्हा मोजून तिचा आकडा त्याखाली नोंदवीत जावा.