थेंबभर रक्तातील चाल

मुदतीपूर्वी जन्मलेल्या एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात सुमारे 90 मिलीलिटर रक्त असते. कोलकात्यात चहा ज्या मातीच्या इवल्या कुल्हडात मिळतो, तेवढेच. अशा बाळाला सेप्सिस झाल्याची शंका आली, की डॉक्टरांपुढे पेच उभा राहतो. रक्त वारंवार काढता येत नाही, आणि रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखायला एक-दोन दिवस तरी जातात. नेहमीचा अहवाल पांढऱ्या पेशींची संख्या सांगतो. परंतु संसर्गाच्या जागी पोहोचू न शकणाऱ्या पेशी संख्येने कितीही असल्या, तरी त्यांचा उपयोग काय? पेशींच्या चालीचा रकाना त्या अहवालात नसतो.

ही चाल मोजण्याची कल्पना जुनी आहे. स्टीफन बॉयडन यांनी 1962 मध्ये सच्छिद्र पडद्याने दुभागलेली कुपी वापरली. एका बाजूस पेशी, दुसऱ्या बाजूस त्यांना आकर्षित करणारे रसायन. पलीकडे किती पोहोचल्या हे मोजता येई. वाटेत कोण अडखळली, कोण माघारी वळली, हे कळत नसे. पारदर्शक सिलिकॉन रबरात केसाहून बारीक वाटा असलेल्या मायक्रोफ्लुइडिक चिपने तो प्रवासच डोळ्यांपुढे आणला. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत रक्ताचा एक थेंब पुरला. पेशी वेगळ्या काढाव्या लागल्या नाहीत. सेप्सिसच्या रुग्णांतील न्यूट्रोफिल पेशी कुणी न बोलावताच त्या वाटांत शिरत, थबकत, मागे फिरत. या अस्वस्थ येरझारांवरूनच आजार ओळखता आला. रुग्ण मात्र मोजके होते आणि प्रौढ होते. तेवढ्यावर नवजात कक्षात चिप नेण्याची घाई कुणी करू नये.

पण पेशी चालते कशी? कोलकात्याच्या भारतीय रासायनिक जीवशास्त्र संस्थेतील दीप्यमान गांगुली आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न मानवी टी पेशींना विचारला. त्यांचा शोधनिबंध 2024 मध्ये ‘ई-लाइफ’मध्ये प्रसिद्ध झाला. पिएझो-1 हे दाब जाणणारे प्रथिन 2010 मध्ये आर्डेम पॅटापूटियन यांच्या गटाने शोधले होते. 2021 च्या नोबेलमागे ते संशोधन होते. कोलकात्यात दिसले ते असे: रसायनाचा माग लागताच पेशीच्या आवरणावरील ताण वाढतो, पिएझो-1 पुढच्या कडेला गोळा होते आणि पेशीला पृष्ठभागाला धरून पुढे सरकता येते. हे प्रथिन घटवले, की रसायनाच्या दिशेची चाल खुंटते. आवरणावरचा ताण मोजला गेला तो परावर्तित प्रकाशाच्या व्यतिकरणावरून. या कामात सहभागी असलेली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही तीच संस्था, जिथे 1928 मध्ये रामन परिणाम सापडला. प्रकाशाशी या संस्थेचे नाते जुनेच.

टी पेशी आणि न्यूट्रोफिल यांची कामे निराळी. एकीचा नियम दुसरीला जसाच्या तसा लावणे चुकीचे ठरेल. तरीही चिपमध्ये एखादी पेशी रेंगाळताना दिसली, तर आता दोन शक्यता तपासून पाहता येतील: तिला रसायनाचा माग लागलाच नाही, की माग लागूनही पायाखालची वाट तिला जाणवली नाही.