उलाळ

काट्यावरून आलेली पावती तिनं दोनदा वाचली. पेनसिल्व्हेनियात स्क्रँटन शहराच्या अलीकडे ट्रकवाल्यांचा एक थांबा, ऑक्टोबर २०२३ मधली ढगाळ दुपार. आधी पिकअप आणि त्याला जोडलेला बावीस फुटी राहायचा ट्रेलर असं सगळं एकदम काट्यावर घातलं. मग आवारात ट्रेलर सोडून नुसता पिकअप पुन्हा वजनाला लावला. पिकअपच्या दोन्ही वजनांतला फरक, ट्रेलरनं त्याच्यावर टाकलेला भार, निघाला ३७५ पौंड, म्हणजे १७० किलो. ट्रेलरचं एकूण वजन ४,८५० पौंड. पावतीची घडी घालत ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, गाडी उलाळ झालीय."

हा शब्द तिच्या तोंडी कित्येक वर्षांत आला नव्हता. सांगलीकडच्या तिच्या गावातून आबा, म्हणजे तिचे आजोबा, बैलगाडीनं कारखान्याला ऊस घालायचे. मोळ्या रचताना मागं भार जास्त पडला की गाडीचं तोंड आभाळाकडं उठतं, जू वर ओढलं जातं आणि बैलांच्या गळ्याला पट्टे काचतात. याला म्हणायचं गाडी उलाळ झाली. म्हणून गाडी भरून झाली की आबा बैल जुंपायच्या आधी जू स्वतः उचलून बघत. फारच हलकं लागलं तर मागच्या दोन मोळ्या पुढं. उचलेनासं झालं तर पुढच्या मागं, कारण ते ओझं दिवसभर जनावराच्या मानेवर बसणार. त्यांच्याकडं टक्केवारी नव्हती, पण अदमास पक्का होता.

अमेरिकेत ट्रेलर ओढणारे हाच अदमास आकड्यांत सांगतात. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार त्याच्या पुढच्या दांडीवरून ओढणाऱ्या गाडीच्या हिचवर आला पाहिजे. त्याहून कमी आला तर ट्रेलर शेपूट हलवू लागतो, जास्त आला तर पिकअपचा मागचा भाग दबतो आणि पुढची चाकं रस्त्यावरची पकड सोडू लागतात. या दोघांच्या पावतीवरचा हिशोब आठ टक्क्यांच्याही खाली होता.

त्याची जाणीव सकाळीच झाली होती. ८४ नंबरच्या महामार्गावर एका लांब उतारावर शेजारून मोठा ट्रक पुढं गेला. असा ट्रक जवळ येताना हवेचा दाब आधी ट्रेलरला बाहेर ढकलतो आणि तो निघून जाताना आत ओढतो. एरवी एक हलका धक्का बसून संपतं. त्या दिवशी ट्रेलर डावीकडं गेला, उजवीकडं आला, पुन्हा डावीकडं, आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. आरशात आपलंच घर रस्ता अडवून आडवं येताना दिसावं, असा तो क्षण. अशा वेळी पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि हात स्टिअरिंग उलटं फिरवू बघतात. दोन्हींनी झोका वाढतो. तिनं स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि डॅशबोर्डखालच्या ब्रेक कंट्रोलरची छोटी पट्टी अंगठ्यानं दाबली. त्या पट्टीनं फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, मागचं घर मागं खेचलं जातं आणि दोन्ही गाड्या पुन्हा एका रेषेत येतात. चार-पाच सेकंदांचा खेळ. त्यानंतर कितीतरी मैल दोघं एक शब्द बोलले नाहीत.

थांब्यावर दोघांनी ट्रेलर उघडला आणि भार कुठं कुठं बसलाय ते शोधलं. मागच्या बंपरवर दोन सायकली, स्टँडसकट पंचेचाळीस किलो. आखाच्या मागं असलेली पिण्याच्या पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली, तीस गॅलन म्हणजे एकशे तेरा किलो. आणि अगदी शेपटाकडच्या कप्प्यात मेन राज्यातून हौसेनं घेतलेलं पन्नास पौंडांचं बटाट्याचं पोतं. मेनचे बटाटे नावाजलेले आहेत, घेतल्याचा पश्चात्ताप दोघांनाही नव्हता. फक्त जागा चुकली होती. टाकी रिकामी केली, सायकली आणि बटाटे पिकअपच्या हौद्यात गेले. पुन्हा काटा, पुन्हा पावती. आता दांडीवरचा भार ५६० पौंड, साडेबारा टक्के. आबांनी मान हलवली असती.

१९५४ साली 'द लाँग, लाँग ट्रेलर' नावाचा चित्रपट आला होता, ल्युसिल बॉल आणि देसी अर्नाझ या जोडप्याचा. त्यातली नवी नवरी प्रत्येक मुक्कामाची आठवण म्हणून एकेक दगड ट्रेलरमध्ये साठवत जाते आणि पुढं घाट चढताना त्याच दगडांचं वजन जिवावर येतं. चित्रपट विनोदी आहे. ज्यानं ट्रेलरचा झोका अनुभवलाय तो मात्र तो घाट हसत हसत पाहू शकत नाही.

हे नवरा-बायको दोघंही साठीच्या पुढचे, घर नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला. मेनच्या किनाऱ्यावरच्या अ‍ॅकेडिया राष्ट्रीय उद्यानातून ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परतीला निघाले. गाडी ती चालवते. त्याची मान आता पूर्ण वळत नाही, म्हणून मागं उभं राहून वाट दाखवणं, जोडणी तपासणं आणि नकाशा ही त्याची कामं. ट्रेलरवाल्यांत तीनचा एक नियम सांगतात: दिवसाला तीनशे मैलांहून जास्त नाही, दुपारी तीनच्या आत मुक्कामाला, आणि एका जागी तीन रात्री. यांनी तीनशेचे दीडशे केले. घराकडं तोंड वळलं की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जड होतो, दोनशे मैलच तर उरलेत, एका दमात मारू असं वाटतं. अंधारात मुक्कामाला पोचणं, घाईत पिन न लावणं, टायरवरून हात फिरवायचा राहून जाणं, या चुका परतीच्या प्रवासात जास्त होतात असं तिचं निरीक्षण आहे. जाताना माणूस सावध असतो.

सावकाश येण्याचं आणखी एक फळ त्यांना मिळालं. पानगळीचे रंग उत्तरेकडून दक्षिणेकडं आणि डोंगरमाथ्यावरून खाली सरकत येतात. दिवस आखूड झाला की पानातलं हरितद्रव्य विघटित होऊ लागतं आणि आधीपासून तिथंच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र झाड त्या दिवसांत नव्यानं बनवतं, पानात अडकलेल्या साखरेतून, आणि लख्ख उन्हाचे दिवस नि थंड रात्री असल्या की तो जास्त खुलतो. समुद्राच्या उबेमुळं अ‍ॅकेडियाचा किनारा अजून निम्मा हिरवा होता. आत न्यू हॅम्पशरच्या व्हाइट माउंटन्समध्ये शिरताच कँकमॅगस रस्त्यावर मेपल पेटलेले. २,८५५ फुटांवरची ती खिंड ओलांडून ते दक्षिणेला वळले, आणि पुढचे तीन आठवडे रंग त्यांच्या बरोबरीनं चालत राहिले. महामार्गावरून दोन दिवसांत घरी गेले असते तर रंगाला मागं टाकून हिरव्यागार शार्लटमध्ये उतरले असते.

न्यूयॉर्कच्या आसपासच्या जुन्या देखण्या पार्कवेंवर ट्रेलरला मज्जाव असतो. कनेटिकटमधला मेरिट पार्कवे त्यातलाच. बाल्टिमोर बंदराखालच्या बोगद्यांतून स्वयंपाकाच्या गॅसच्या मोठ्या टाक्या घेऊन जाता येत नाही. म्हणून ८४ नंबरनं न्यूबर्गजवळ हडसन ओलांडायची, स्क्रँटनला ८१ नंबर धरायचा आणि शेनंडोआच्या खोऱ्यात उतरायचं. नकाशावर हा वळसा दिसतो, पण घर घेऊन निघालेल्या माणसाला हाच सरळ रस्ता.

जोडणीचं काम रोज सकाळी तेच, त्याच क्रमानं. ट्रेलरच्या चाकांना ठोकळे आहेत ना ते आधी बघायचं. बॉलवर कपलर बसला की खिट्टी खाली, खिट्टीत पिन. मग पुढचा जॅक उलटा फिरवून पिकअपचं ढुंगण दोन बोटं वर उचललं जातंय का ते पाहायचं. उचललं गेलं तर कपलर खरोखर अडकलाय. भार पुढच्या चाकांपर्यंत वाटून देणारे स्प्रिंगचे दांडे चढवायचे. दोन साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या ओलांडून, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडी रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडते. एक बारीक तार वेगळी लावायची. ट्रेलर तुटून मागं राहिला तर ती तार ओढली जाऊन ट्रेलर स्वतःच्या बॅटरीवर स्वतःचे ब्रेक लावतो. शेवटी विजेची सात पिनांची जोडणी आणि दिव्यांची तपासणी: ती आत बसून एकेक दिवा लावणार, तो मागून ओरडणार, "डावा... उजवा... ब्रेक." हे सगळं तो करतो आणि ती पुन्हा हात लावून बघते. सोडताना ती करते, तो बघतो. यात एकमेकांवरचा अविश्वास कुणालाच वाटत नाही. मध्येच कुणी हाक मारली, फोन आला, तर सुरुवातीपासून पुन्हा.

शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानाच्या कण्यावरून जाणारा स्कायलाइन ड्राइव्ह १०५ मैलांचा, वेगमर्यादा ताशी पस्तीस मैल. वाटेत मेरीज रॉक नावाचा बोगदा येतो, उंची १२ फूट ८ इंच. ट्रेलरच्या छपरावरच्या एसीसकट यांची उंची पावणेअकरा फूट, हे त्यानं एका चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवलेलं आहे. तरीही बोगद्याच्या तोंडाशी तिनं खांदे आत घेतलेच. दक्षिणेच्या टोकाला रॉकफिश गॅपपाशी हा रस्ता संपतो आणि तिथूनच ब्लू रिज पार्कवे सुरू होतो: ४६९ मैल, थेट ग्रेट स्मोकी पर्वतांपर्यंत. १९३५ साली काम सुरू झालं, शेवटचा तुकडा जोडला गेला १९८७ मध्ये. मालवाहू वाहनांना बंदी, वेगमर्यादा पंचेचाळीस. स्टॅनली अ‍ॅबट या निसर्गरचनाकारानं हा रस्ता सुरुवातीपासून संथ जाण्यासाठीच आखला. ट्रेलर ओढणाऱ्याला इथं आपण कुणाच्या वाटेत आडवे आलोय असं वाटत नाही. तरी मागं तीन-चार गाड्या साठल्या की ती पुढच्या थांब्यावर बाजूला होते, त्यांना जाऊ देते. त्या पाच मिनिटांत तो थर्मास उघडतो.

ब्लोइंग रॉकच्या पलीकडं ज्युलियन प्राइस पार्कमध्ये ते तीन रात्री राहिले. तिथं विजेची जोडणी नाही. हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरी खातो, म्हणून रात्री दोन गोधड्या. जागा मिळाली ती झाडांमधल्या अरुंद वळणावर, उलटं नेऊन लावायची. ट्रेलर उलटा घालायची एक युक्ती आहे: हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा. मग हात जिकडं सरकेल, तिकडं ट्रेलरचं शेपूट जातं. ती लहानपणी कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टरवाल्यांना उसाची ट्रॉली गव्हाणीपाशी उलटी लावताना तासन्‌तास बघत बसायची. ते पुढं येत, थांबत, मग वीतभर मागं जात. घाई करणाऱ्याची ट्रॉली घडीच्या चाकूसारखी दुमडायची.

पहिल्या वर्षी या कामात दोघांची कडाक्याची भांडणं झाली होती. तो "इकडं, इकडं" म्हणायचा, आणि इकडं म्हणजे कुणाचं इकडं ते तिला कळायचं नाही. आता नियम ठरलेत. तिच्या आरशात दिसेल अशाच जागी त्यानं उभं राहायचं. दिशा ट्रेलरच्या शेपटाची सांगायची. अंतर हातांत मोजायचं, कारण फूट म्हटलं की दोघांच्या डोळ्यांपुढं वेगवेगळी लांबी उभी राहते आणि हात मात्र गावाकडचाच असतो. आणि "थांब" म्हटल्यावर आधी थांबायचं, कारण नंतर.

"अहो, किती?"

"पाच हात... शेपूट डावीकडं... तीन... थांब. फांदी आहे वर."

ती उतरून स्वतः फांदी बघून आली. मग पुन्हा पुढं, पुन्हा मागं. वीस मिनिटं लागली. शेजारच्या तंबूतल्या म्हाताऱ्यानं लांबूनच अंगठा वर केला.

तिथून ट्रेलर सोडून, नुसत्या पिकअपनं, ते लिन कोव्हचा पूल बघायला गेले. ग्रँडफादर माउंटनचा उतार फोडायचा नाही म्हणून १,२४३ फुटांचा हा पूल हवेतून पुढं पुढं रचत नेला. काँक्रीटचे १५३ तुकडे, त्यातला एकच सरळ. पुढच्या वर्षी सप्टेंबरात हेलीन वादळानं पार्कवेचा नॉर्थ कॅरोलायनातला मोठा भाग दरडींनी आणि पुरांनी फोडला. थोडं पुढं लिनव्हिल धबधब्यापाशी असलेलं माहिती केंद्र वाहून गेलं. त्याच्या ओसरीवर बसून या दोघांनी मेनच्या बटाट्यांची भाजी आणि पोळी खाल्ली होती. वादळाची बातमी आली त्या रात्री ती बराच वेळ फोनमधले तेच फोटो बघत होती.

शेवटचा उतार ब्लोइंग रॉकहून लेनोअरकडं, ३२१ नंबरचा. दोन हजार फुटांहून जास्त खाली. उतार सुरू व्हायच्या आधीच तिनं गिअर खालचा टाकला. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं तर ब्रेक तापतात आणि ऐन गरजेला साथ देत नाहीत, म्हणून वेग इंजिनानं धरायचा, ब्रेक मधूनमधून दमदार दाबून सोडायचा. वर झाडं उघडी झाली होती. हजारेक फूट खाली आल्यावर ओकची तांबूस पानं, त्याच्या खाली ट्युलिप पॉप्लरचा भर पिवळा, आणि पायथ्याशी अजून पुष्कळसं हिरवं. अर्ध्या तासात तीन आठवडे उलटे सरकले. मागून ट्रक जवळून गेला. ट्रेलर किंचित हलला आणि रेषेत राहिला. तिनं त्याच्याकडं पाहिलं, तो हौद्यातल्या सायकलींकडं बघत होता.

शार्लटला घराच्या ड्राइव्हवेत ट्रेलर उलटा घालायला साडेतीन वाजले. "दोन हात... एक... बस्स." ठोकळे लागले, साखळ्या सुटल्या, तार निघाली. घराची किल्ली त्याच्या खिशात होती. ती ट्रेलरमध्ये चढली, गॅस पेटवला, उरलेलं दूध वास घेऊन पाहिलं आणि दोन कप चहाचं आधण ठेवलं. तो पायऱ्यांवर बसून टायरच्या खाचेत अडकलेलं मेपलचं पान काडीनं काढत होता.