थैली कोणी न्यायची?

दानावर उपदेश असला की पाळकसाहेब बहुधा करिंथकरांस लिहिलेलं दुसरं पत्र काढतात आणि थेट नवव्या अध्यायावर जातात. कुरकुरत देऊ नका, आनंदानं द्या, हे तिथलं सांगणं रविवारच्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. माझा व्यवसाय सार्वजनिक न्यासांचे हिशेब तपासण्याचा. देवळं, दर्गे, मठ, आणि आमच्या ख्रिस्ती मंडळ्याही. मला त्या पत्राच्या आठव्या अध्यायाचा उत्तरार्ध जवळचा वाटतो. तो भाग उपदेशात क्वचितच येतो, कारण तिथे पैसे देण्याची नाही, पैसे नेण्याची गोष्ट आहे.

इसवी सन 55च्या आसपासची ही हकिकत. यरुशलेममधल्या गरीब विश्वासूंसाठी या पत्राचा लेखक पौल ग्रीक मुलखातल्या मंडळ्यांकडून निधी जमवत होता. मासेदोनियातले लोक स्वतःच हलाखीत, तरी त्यांनी ऐपतीबाहेर दिलं. करिंथ मात्र दोन बंदरांच्या जोरावर पोसलेलं व्यापारी शहर, आणि तिथल्या मंडळीनं वर्षापूर्वी हौसेनं कबूल केलेली रक्कम अजून पुरी जमलेली नव्हती. (हे वाचताना आमच्या कितीतरी इमारत निधींची आठवण होते.) पहिल्या पत्रातच त्यानं कळवलं होतं, की आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या मिळकतीच्या मानानं काही बाजूला काढून ठेवावं, मी आल्यावर वर्गणीची धावपळ नको. आणि रक्कम न्यायला माणसं तुम्हीच पसंत करा.

दुसऱ्या पत्रात तो आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोघा भावांना पाठवतो. त्यांची नावं दिलेली नाहीत, पण त्यातला एक मंडळ्यांनी निवडलेला आहे हे आवर्जून सांगतो. कारणही लपवत नाही: एवढी मोठी रक्कम हाताळताना कोणी बोट दाखवू नये. देवासमोर तर चोख असायचंच, पण माणसांसमोरही. बोट दाखवणारे होतेही. पुढे बाराव्या अध्यायात तो करिंथकरांना सरळच विचारतो, की तीतानं तुम्हाला लुबाडलं का? कुजबूज कानावर आल्याशिवाय माणूस असं लिहीत नाही.

‘देवाला सगळं ठाऊक आहे’ हे वाक्य खजिनदारांकडून मी नेहमी ऐकतो. पौलालाही ते मान्यच असणार. तरीही त्यानं तीन माणसं पाठवली.

जरा बायबल वाचलेले खजिनदार मग मला राजांचं दुसरं पुस्तक दाखवतात. योवाश राजाच्या काळी मंदिराच्या डागडुजीचा पैसा याजकांकडे जात होता आणि राजाचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी भगदाडं बुजली नव्हती. शेवटी यहोयादा याजकानं एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ, आत येणाऱ्याच्या उजव्या हाताला ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून पैसे मोजत, थैल्यांत बांधत, आणि कामावरच्या मुकादमांच्या हवाली करत. ते सुतार-गवंड्यांची मजुरी आणि लाकूड-दगडाचा खर्च भागवत. त्या मुकादमांकडून हिशेब घेत नसत, कारण ते सचोटीनं वागत, असं तिथेच पुढे म्हटलं आहे. खजिनदारांचं बोट या शेवटच्या वाक्यावर असतं. माझं म्हणणं इतकंच, की त्याआधीचं मोजणीचं वाक्यही वाचा. पैसा पेटीतून निघताना दोन खात्यांची दोन माणसं हजर होती; विश्वास त्यानंतर टाकला. आमचा सार्वजनिक न्यासांचा 1950चा कायदा एवढाही विश्वास टाकत नाही. लेखापरीक्षकाच्या अहवालात 5,000 रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या होत्या का, असा सवाल असतो. आज तेवढ्यात गळकं छप्परही धड शाकारून होत नाही, पण सवाल आहे.

औदार्याचा माझा आवडता दिवस उपकारस्तुतीचा. नगरकडच्या मंडळ्यांत वेदीपुढे ज्वारीची पोती, भोपळे, केळीचे घड, अंडी, पाय बांधलेली कोंबडी असा ढीग लागतो आणि उपासना संपली की लिलाव पुकारतात. डझनभर अंडी एक जण शंभराला घेतो आणि तिथेच परत अर्पण करतो, दुसरा दीडशेला, तिसरा दोनशेला. अंडी जागची हलत नाहीत आणि दान वाढत जातं. ज्यांच्याकडे रोकड नव्हती त्यांनी वहीत नाव लिहायला सांगितलेलं असतं, आणि मार्चअखेर मी ती वही बघतो तेव्हा निम्म्या नावांपुढची जागा कोरीच. आलेली रक्कमच जमा धरा, बाकीची यादी वेगळी ठेवा, असं मी सांगतो. ती यादी फळ्यावर लावावी का, यावर पंचांत दरवर्षी वाद होतो. माझ्या मते लावू नये. मोजणीपत्रकावर दोन सह्या हव्यात. देणाऱ्याची लाज काढायला हिशेब नसतो.

पौलाचा निधी यरुशलेमला नेण्यात आला. सोबतीला निरनिराळ्या मंडळ्यांची माणसं होती; प्रेषितांच्या कृत्यांत विसाव्या अध्यायात सात नावं आहेत. पैसे स्वीकारले जातील की नाही, याची धास्ती पौलाला आधीपासून होती. रोमकरांना तसं त्यानं लिहिलं होतं. पण तिथे पोचल्यावर रक्कम कोणी ताब्यात घेतली, याबद्दल कृत्यांचा लेखक लूक अक्षर लिहीत नाही. उलट तिथल्या मंडळीतले वडीलधारे पौलाला सांगतात, नवस केलेल्या चार जणांच्या मुंडणाचा खर्च तू कर. तो तयार होतो. तो खर्च कुठल्या खात्यातून झाला, हे तेवढं मला अजून कोणी सांगितलेलं नाही.