डबा, वाटी आणि वजनकाटा

वजन कमी करायचं ठरलं की पहिला बळी चिवड्याचा जातो. मग शेव, मग चकली, मग बाकीचं फरसाण. भात-पोळीवर गदा यायला आठवडा लागतो, फराळाचे डबे मात्र त्याच संध्याकाळी शेजारी रवाना होतात. पंधरा दिवस घर सुनं सुनं. मग कुणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो फरसाण आणतं आणि ते दोन दिवसांत संपतं. डबा हद्दपार करू नये, त्याची घरातली जागा आणि वेळ ठरवून द्यावी, असं माझं मत आहे. खालची टिपणं त्याच अंगाने.

०

आधी हिशेब. तेल-तुपाच्या एका ग्रॅममधून ९ कॅलरी मिळतात. पिठाच्या, साखरेच्या किंवा डाळीतल्या प्रथिनांच्या एका ग्रॅममधून ४. तळणीचं सगळं गणित या दोन आकड्यांत आहे. चहाच्या चमच्याने एक चमचा तेल म्हणजे ४०-४५ कॅलरी. अंगावरच्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. वडापाव ढोबळ मानाने २५० ते ३०० कॅलरींचा. तो रोज गरजेच्या वर खाल्ला, तर कागदावर महिन्याकाठी एक किलो वाढतं. कागदावर म्हणायचं, कारण शरीर इतकं काटेकोर चालत नाही. पण दिशा तीच. आठवड्यातून एकदा खाल्ला आणि त्या दिवशी रात्रीची एक पोळी आणि थोडा भात कमी केला, तर वडापावाने काही बिघडत नाही.

तासभर चालून साधारण एका वडापावाइतक्याच कॅलरी जळतात. म्हणजे टेकडीवरून उतरल्यावर पायथ्याशीच गरमागरम वडा खाणाऱ्यांची बेरीज शून्य. हवा चांगली मिळाली, गप्पा झाल्या, ते वेगळं.

०

चिवडा कसा खाल्ला जातो ते एकदा नीट पाहावं. ओट्याशी उभं राहून, डब्याचं झाकण उलटं करून त्यात घेतलेला. झाकणातला संपला की हात सरळ डब्यात. आणि तो हात पोह्यांकडे जात नाही. काजू असतील तर आधी काजू, मग खोबऱ्याचे तांबूस काप, मग दाणे. चार दिवसांनी डब्यात पोहे, कढीपत्ता आणि तळाची हळद-तिखट उरतं आणि घरात पुकारा होतो, "दाणे कुणी वेचले रे?" सगळे एकमेकांकडे बघतात.

वेचणाऱ्याने नेमकं जड तेवढं उचललेलं असतं. सुकं खोबरं १०० ग्रॅमला साडेसहाशे कॅलरींच्या आसपास, शेंगदाणे साडेपाचशेच्या वर, पोहे साडेतीनशे. उभ्या उभ्या वेचलेल्या दोन मुठी सहज अडीचशेच्या घरात जातात आणि खाणाऱ्याच्या लेखी ते "काही खाल्लंच नाही" असतं.

आता तोच चिवडा वाटीत काढा. तीस ग्रॅम भरेल, म्हणजे दीडशेच्या आतबाहेर. वर बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, काकडी, कोथिंबीर, लिंबू. वाटी भरून वाहते. डबा बंद करून फळीवर, आणि आपण वाटी-चमचा घेऊन खुर्चीवर. इतका मामुली उपाय सांगायला मलाही संकोच वाटतो. पण २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने या विषयावरचे अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा हेच दिसलं: समोरचा वाढप, पुडा किंवा भांडं मोठं असलं की माणसं जास्त खातात. भूक किती आहे याची विचारपूस हात करत नाही.

०

"आमचा भाजका आहे हो, तेल नाहीच त्यात."

अर्धं खरं. पातळ पोहे उन्हात ठेवून कढईत कुरकुरीत केले तर तेल फोडणीपुरतंच लागतं. जाड पोहे तळून केलेल्या चिवड्यापेक्षा हा केव्हाही बरा. पण दाणे, खोबरं आणि पिठीसाखर भाजक्यातही असतेच. "डाएट चिवडा" लिहिलेल्या पुड्याचं पुढचं तोंड वाचू नये, मागचं वाचावं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात; तेल पहिल्या दोन-तीनांत आलं की पुढचं वाचायची गरज नाही. कॅलरींचा आकडा बहुतेक वेळा १०० ग्रॅमचा असतो आणि पुडा दोनशेचा. हा गुणाकार दुकानातच करावा.

तसंच गुळाचं. गूळ १०० ग्रॅमला ३८० कॅलरी, साखर ४००. चवीसाठी गूळ जरूर घालावा, मलाही तोच आवडतो. पण गुळाच्या चार वड्या खाऊन वजन उतरत नाही. "शुगर फ्री" खजूर बर्फीत साखर घातलेली नसते, ती खजुराने आधीच आणलेली असते.

०

चकलीला भाजणी लागते. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे, जिरं वेगवेगळं भाजायचं, गिरणीत एरवीच्या दळणात मिसळू न देता दळून आणायचं, उकड काढायची, मोहन जमवायचं. मग सोऱ्या. पहिला घाणा मऊ पडला की घरातली हवा तंग. एवढ्या खटाटोपामुळे चकली दिवाळीला व्हायची आणि भाऊबीज उलटली की संपायची. तिच्यात कॅलरी तेव्हाही शंभराच्या जवळपासच होत्या. बदललं ते हे, की आता ती जूनमध्येही मिळते, सोऱ्याला हात न लावता. बाकरवडी, शेव, शंकरपाळे यांचंही तेच. पूर्वी मर्यादा कष्टांनी घातली होती. आता ती आपल्याला घालावी लागते, आणि ते अवघड आहे.

कारखान्यात तयार होणाऱ्या खाण्याबद्दल अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस माणसं, एका जागी ठेवलेली. दोन आठवडे पाकीटबंद, अतिप्रक्रिया केलेलं जेवण. दोन आठवडे साध्या पदार्थांचं. दोन्हीकडे हवं तेवढं खायची मुभा. पाकीटबंद आठवड्यांत त्याच माणसांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. घरची चकली खावी की दुकानातली, यावर माझं उत्तर सरळ आहे: घरची. ती संपते.

०

एकादशी. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदातल्या पिठूळ भागापासून करतात. तमिळनाडूतल्या सेलमकडून तो आपल्याकडे येतो. त्यात जवळजवळ निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅममध्ये प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. एका माणसाची खिचडी मांडू: पन्नास ग्रॅम साबुदाणा १७५, पाव वाटी कूट १४०, दोन चमचे तूप ८० ते ९०. झाल्या चारशे. बटाटा आणि साखर घातलेलं दही अजून यायचंय. आणि दुपारी "उपासाचे आहेत, चालतात" म्हणून वेफर्स.

काटकसर करणारे इथे कूट कमी करतात. उलट करावं. ताटलीत जे काही प्रथिन आहे ते कुटातच आहे. साबुदाणा निम्मा करावा. शेजारी वाटीभर काकडीची कोशिंबीर किंवा लाल भोपळ्याचं भरीत. रताळं तुपात परतण्याऐवजी उकडून. खिचडी खायलाच हवी, एकादशी तिच्यासाठीच असते असं मानणारा एक मोठा वर्ग आहे आणि मी त्यात आहे.

०

महाराष्ट्रात सध्या दोन पंथ आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत आटपा; मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकार यांची. ऋजुता दिवेकरांच्या २००९ च्या पुस्तकाने सांगितलं, उठल्यावर लगेच काहीतरी खा आणि मग दर दोन तासांनी थोडं थोडं. एकाच घरात नवरा इकडे आणि बायको तिकडे असली की स्वयंपाकघराचं वेळापत्रक बघण्यासारखं होतं. दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं मी पाहिली आहेत, दोन्हीकडे न उतरलेलीही.

मला दीक्षितांच्या बाजूची एक गोष्ट पटते. लाडू खायचाय? खा, पण त्या ५५ मिनिटांत, जेवणाबरोबर. हे आपल्या जुन्या ताटासारखंच झालं. श्रीखंड, जिलबी पानातच वाढली जायची, वरण-भात, भाजी, कोशिंबिरीच्या सोबत. भजं नाहीतर कुरडई, एखादी, डावीकडे. पोट निम्मं भरलेलं असताना श्रीखंड किती जाणार? रात्री दहाला टीव्हीसमोर "काहीतरी गोड हवं" म्हणून फ्रिज उघडणं या ताटाच्या हिशेबात नव्हतं.

मधुमेह असेल, गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर दोन्ही पंथ बाजूला ठेवून आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

०

"आता मोडलंच आहे, तर उद्यापासून." उद्यापासून म्हणजे सोमवारपासून.

या वाक्यावर प्रयोग झाला आहे. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक यांनी काही जणींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग आइस्क्रीमची चव कशी वाटते ते सांगा म्हणून हवं तेवढं खायला दिलं. ज्या एरवी खाण्यावर लगाम ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. लगाम ठेवणाऱ्यांनी मात्र, मिल्कशेक पोटात गेल्यावर, जास्त खाल्लं. नियम एकदा तुटला की तो पाळण्यात अर्थ उरत नाही.

म्हणून बंदीची यादी करू नये. रविवारी दुपारी एक बेसनाचा लाडू, असं आठवड्याच्या बेतातच लिहून ठेवावं. मग तो खाल्ल्याने काही मोडत नाही, आणि सोमवारची वाट बघावी लागत नाही.

०

मिसळ. बिचारी उगाच बदनाम. तिच्या पोटात मोड आलेली मटकी आहे. भार आहे तो तर्रीतल्या तेलाचा, वरच्या फरसाणाचा आणि पावांचा. तर्री वेगळी मागावी, उसळ जास्त मागावी, फरसाण मूठभर. कोल्हापूरला स्लाइस ब्रेड देतात, पुण्या-नाशकात पाव. दोन्हीकडे एकावर थांबता येतं. "एक्स्ट्रा पाव" म्हणून हात वर करू नये.

०

शंभर कॅलरींत काय येतं? शेंगदाणे जेमतेम सतरा-अठरा ग्रॅम, मुठीत झाकले जातात. कुरमुरे पंचवीस ग्रॅम, मोठा वाडगा भरतो. भाजलेलं मध्यम कणीस, जवळजवळ पूर्ण. सांगलीकडच्या भडंगात कुरमुरे असले तरी तेल आणि दाणे सढळ, तेव्हा ते मधलं. सुकी भेळ चांगली, शेव हात राखून असेल तर. हिवाळ्यात हुरडा आला की बाकी काही शोधू नये. लसणाची चटणी आणि दही बरोबर असलं म्हणजे झालं, गुळाचा खडा एकच.

०

चहा. कपाला दोन चमचे साखर, दिवसाला चार कप: चाळीस ग्रॅम, म्हणजे १६० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. आठवड्याला अर्धा चमचा या वेगाने कमी केली तर जिभेला कळत नाही. बरोबरची खारी हातात हलकी लागते, पण तिचा पापुद्रा न् पापुद्रा स्निग्ध पदार्थाने सुटा झालेला असतो. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर आपल्याकडे २ टक्क्यांची मर्यादा आहे. हृदयासाठी ते चांगलं झालं, कॅलरी होत्या तेवढ्याच राहिल्या.

०

उकडीचा मोदक दीडशेच्या आसपास. वरून सोडलेलं तूप वेगळं. तळणीचा त्याच आकाराचा असला तर जास्त. गणपतीत उकडीचे दोन खाऊन भात सोडावा. एकवीस खाल्ल्याच्या गोष्टी सांगणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांच्याशी पैज लावू नये.

०

आणि सगळ्यात कठीण प्रकरण, आग्रह. "एवढंसंच? आवडलं नाही वाटतं!" यावर "डाएट चालू आहे काकू" हे उत्तर चालत नाही, त्यावर "मेलं ते डाएट, आजच्या दिवस काही होत नाही" हे ठरलेलं आहे. त्याऐवजी पहिला लाडू घ्यावा, सावकाश खावा, बेसन कसं खमंग भाजलंय ते मनापासून सांगावं आणि दुसरा डब्यात मागून घ्यावा. काकू खूश, लाडू उद्याच्या जेवणातला. नाही म्हणणारा माणूस आपल्याकडे उद्धट ठरतो, डबा मागणारा घरचा.

वाढणाऱ्यांनाही एक विनंती. दुसऱ्यांदा जरूर विचारा. तिसऱ्यांदा नको, आणि पानावर आडवा हात धरलेला असताना बोटांच्या फटीतून तर नकोच.