धुआंधारच्या वाटेवर ‘खट्’!

जबलपूरहून भेडाघाट जेमतेम २०-२५ किलोमीटर. आदल्या दिवशी गाडीचे ब्रेक-पॅड मीच घरी बदलले होते, म्हणून ऐटीत निघालो. पहिल्याच वळणावर स्टिअरिंग फिरवताच ‘खट्’! ब्रेक दाबला, पुन्हा ‘खट्’!

‘‘अहो, थांबवा. मुलं आहेत गाडीत!’’ सौ. घाबरली.

रस्त्याकडेच्या मिस्त्रीने जॅक लावून चाक वर-खाली, डावी-उजवीकडे हलवले. सांधे ठीक होते. चाक काढताच कॅलिपरचा बोल्ट सैल निघाला. माझीच घाई! त्याने दोन्ही चाकांचे बोल्ट नीट आवळले. १९६९ पासून लष्करी ट्रक बनवणाऱ्या व्हेइकल फॅक्टरीच्या गावात माझी ऐट उतरली.

धुआंधारला नर्मदेचे तुषार अंगावर घेताना मुले खिदळत होती. मी मात्र मनाशी ठरवले, यापुढे स्वतः ब्रेक खोलले, तर बोल्ट दोनदा तपासायचे!