फुकटचं इंटरनेट

'फुकट' या शब्दावर डोंबिवलीकराचा फार जीव. फुकट मिळतंय म्हटलं की तो आधी रांगेत उभा राहतो आणि मग काय मिळतंय ते पुढच्याला विचारतो. 2000 साली असाच मी एका रांगेत शिरलो. रांग इंटरनेटची होती.

आपल्याकडे इंटरनेट सर्वांसाठी खुलं झालं 15 ऑगस्ट 1995 ला. पण वर्गणी हजारांत असल्यामुळे हे स्वातंत्र्य आमच्या घरी पोचायला पाच वर्षं लागली. मधल्या काळात सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी 4 जुलै 1996 ला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, हॉटमेल काढून टपाल फुकट केलं. पुढे कॅलटायगरसारख्या कंपन्या इंटरनेटही फुकट देऊ लागल्या. म्हणजे पत्र फुकट आणि पोस्टमनही फुकट!

आमची ताई तेव्हा कॅलिफोर्नियात, दिवस भरत आलेले. बाबा म्हणाले, "फुकट आहे ना? मग घे." ठाण्याच्या मित्राने येऊन मोडेम जोडून दिला. ठाण्याचा फोन 022, म्हणजे मुंबईचा, आमचा 0251. त्यामुळे ठाणेकर आमच्याकडे काही जोडायला आला की खेडेगावात वीज आणल्यासारखा वागतो.

मोडेम आधी पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा किंचाळायचा, मग घसा खाकरायचा आणि एकदाचा गप्प व्हायचा. गप्प झाला की आम्ही जोडले गेलो असं समजायचं. इंटरनेट फुकट होतं, पण टेलिफोनचा मीटर नव्हता. तीन मिनिटांना एक कॉल, तासाला वीस. हा हिशेब मी बी.कॉम.ला असूनही मला बिल आल्यावर सुचला.

एका रविवारी रात्री आम्ही तिघं ताईच्या ईमेलची वाट बघत तीन तास इंटरनेट लावून बसलो. शेवटी भाऊजींची ईमेल आली : "मुलगी झाली. दोघी सुखरूप. तीन तास फोन लावतोय, सारखा एंगेज. एवढं कुणाशी बोलताय?"

आता काय सांगणार? तुमचीच वाट बघत होतो!

आठ दिवसांनी फोटो आला. तो वरून खाली उतरत होता, स्लो लोकलसारखा. आधी टोपी, मग कपाळ, मग भुवया. आईला धीर धरवेना. मावशीला कळवायचं म्हणून तिने आत जाऊन दुसऱ्या फोनचा रिसीव्हर उचलला आणि लाइन कटली. नात भुवयांपाशी थांबली.

मी डोक्याला हात लावला. आई पदर सावरत बाहेर आली, पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "कपाळ आपल्याकडचं आहे."

त्या रात्री पुन्हा लाइन लागली नाही. आईचं काही अडलं नाही. तिने तेवढ्यावरच दृष्ट काढली.

दोन महिन्यांचं बिल आलं तेव्हा मी बाबांच्या समोर जायचं टाळलं. बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, काही न बोलता भरलं आणि रात्री खर्चाची वही काढली. आता मी बँकेत रोज शेकडो नोंदी बघतो, पण इतकी बरोबर नोंद पुन्हा पाहिली नाही. बाबांनी ते बिल 'टेलिफोन' या खात्याला टाकलंच नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं : 'नातीचं बारसं'.